पाडव्याचा कांदा

देवळावरचा भोंगा आधी खरखरला, मग त्यातून कुणीतरी घसा साफ केला, आणि साऱ्या बोरजाईवाडीला ऐकू जाईल अशा बेतानं पोलीस पाटील रंगाप्पा बोलू लागले. "ग्रामस्थांना दिवाळी पाडव्याच्या शुभेच्छा. आपल्या गावात दोन पूरग्रस्त भगिनी आलेल्या आहेत. ज्याच्याकडून जे होईल ते घेऊन देवळापाशी यावं. संकोच करू नये."

भोंग्याखालच्या पारावर त्या दोन भगिनी बसल्या होत्या. एक मी आणि दुसरी माझी सासू. आमच्या भागात सासूला आत्या म्हणतात. आत्यांची सत्तरी उलटली होती आणि भगिनी म्हणवून घ्यायचे दिवस त्यांनी कधीच मागं टाकले होते. त्यांनी मांडीवरचा फराळाचा डबा घट्ट धरला आणि माझ्याकडं बघितलं.

"शालन, आपण द्यायला आलोय का मागायला?"

मी म्हटलं, द्यायला.

"मग ह्यांना सांग की."

मी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. पण रंगाप्पांनी हात जोडून, डोळे मिटून मान हलवली होती. मानी माणूस असंच म्हणतो, हे त्यांना ठाऊक होतं. शिवाय माझ्या अंगावरची साडी त्यांनी ओळखली होती. जांभळ्या रंगावर पिवळे ठिपके. ती साडी श्रावणात ह्याच गावानं बाजारातून गठ्ठ्यानं घेऊन आमच्या गल्लीत वाटली होती. आम्ही सगळ्या बायका महिनाभर बँडपथकासारख्या एका रंगात फिरत होतो. आज मी ती मुद्दाम नेसून आले होते. त्यांची आठवण ठेवली, हे त्यांना दिसावं म्हणून. त्यांना दिसलं ते असं, की बिचारीकडं सणाला नेसायला दुसरी साडी नाही.

ह्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्या श्रावणात वारणेचं पाणी आमच्या घरात माळ्यापर्यंत चढलं होतं. आम्ही वरच्या गावातल्या शाळेत राहिलो, आणि पाणी उतरल्यावर घरी आलो तर घरात गुडघाभर चिखल. माझं शिलाई मशीन त्यात डोकं खाली पाय वर करून पडलेलं. मी ब्लाउज शिवते. कुणी शिकवलं नाही, जुनी पोलकी उसवून उसवून शिकले, आणि त्या मशीनवर माझं घर अर्धं तरी उभं होतं. ते उलटं मशीन बघून मी उंबऱ्यावर बसले आणि बसूनच राहिले. ह्यांनी हाक मारली, आत्यांनी हाक मारली, मी उठेना. रडतही नव्हते. नुसती बसले होते.

तेवढ्यात टेंपो आला. पुढं कापडी फलक, बोरजाईवाडी ग्रामस्थ. जतच्या पलीकडचं कुठलं तरी दुष्काळी गाव. पंचवीसेक माणसं खोरी, पाट्या, खराटे घेऊन उतरली आणि कुणाचं घर कुणाचं न विचारता आत शिरली. त्यांतली एक बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. काटक, काळीसावळी, कपाळावर हिरवं गोंदण. तिनं मला आपादमस्तक बघितलं, टँकरवरनं बादली भरून आणली, माझे केस सोडले आणि तिथंच अंगणात माझं डोकं धुतलं. केसांत चिखल वाळून बसला होता. तिनं तो बोटांनी मोडून काढला. धीर बीर काही दिला नाही. एकदाच बोलली, "डोळं मीट, साबन जाईल." मग खराटा घेऊन माझ्या स्वयंपाकघरात गेली. मी उठले ते तिच्या मागनं. संध्याकाळी टेंपो गेला तेव्हा लक्षात आलं, आपण तिचं नावसुद्धा विचारलं नाही.

आभार हा शब्द आमच्या घरात कुणी वापरत नाही. तो कार्यक्रम संपला की माईकवर म्हणायचा असतो. पण दिवाळी जवळ आली, मशीन दुरुस्त होऊन टकटक चालायला लागलं, घराला चुना लागला, आणि मला काही चैन पडेना. मी ठरवलं, पाडव्याला त्या बाईच्या घरी जायचं. एक दिवस तिला पाटावर बसवायचं, तेल-उटणं लावून न्हाऊ घालायचं, तिच्या घरचा केर, भांडी, स्वयंपाक सगळं आपण करायचं. तिनं हात लावायचा नाही. शिवाय एक साडी आणि माझ्या हातचं पोलकं. माप नजरेचं, पण माझी नजर सहसा चुकत नाही. ह्यांना साखर कारखान्यात सुट्टी नव्हती, हंगाम तोंडावर होता. ते म्हणाले, एवढं लांब कशाला, फराळाचं पार्सल पाठव. आत्या तंबाखू मळत होत्या. म्हणाल्या, "हात पार्सलनं जात्यात व्हय?" आणि दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या आधी तयार होऊन बसल्या.

तर असं आम्ही द्यायला आलो होतो, आणि पारावर आमच्यासमोर ढीग वाढत होता.

एक म्हातारी शेरभर ज्वारी ठेवून गेली. कुणी पातेलं, कुणी लहान मुलाचा स्वेटर. एका नव्या सुनेनं तिची स्वतःची, घडीसुद्धा न मोडलेली साडी ठेवली. नको नको म्हणून माझं तोंड दुखलं. आत्यांनी करंज्या वाटायला काढल्या, तर लोक एकेक उचलून म्हणत, बघा, असल्या दिवसांतबी मोकळ्या हातानं आल्या न्हाईत. शेवटी कुणीतरी घोंगडं आणून आत्यांच्या खांद्यावर टाकलं. आत्यांनी त्याची वीण तपासली.

"जाताना ट्रक लागंल," त्या मला हळूच म्हणाल्या. "घोंगडं चांगलं हाय मात्र."

मग ती आली. कपाळावर तेच हिरवं गोंदण, कोपरापर्यंत चिखल, पदर खोचलेला, भोंगा ऐकून तशीच धावत आलेली. मी उठून उभी राहिले. तिनं क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आगं, तू व्हय." जसं काही मी शेजारच्या गल्लीतनं आले होते.

तिचं नाव हौसाबाई. गाव तिला हौसाक्का म्हणायचं. रंगाप्पांनी सगळ्यांच्या देखत सांगितलं, हीच ती आमची हौसाक्का, पुरात सगळ्यांच्या पुढं होती, गावाचं नाव काढलं हिनं. मी तिच्या पाया पडायला वाकले, तर तिनं मला दंडाला धरून असं उठवलं की दंड दुखला. तोंड कडू झालं होतं तिचं. "चला घरी," एवढंच म्हणाली.

तिचं घर गावाच्या कडेला. घर दोन खणांचं, मागं शेत. घरात ती एकटीच. मालक मेंढरं घेऊन दिवाळीच्या आधीच खाली कोकणाच्या अंगाला उतरलेले, ते उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत, हे तिनं चुलीत काटक्या घालता घालता सांगितलं. डाळ शिजायला टाकली होती. पुरणपोळी करणार होती आमच्यासाठी.

मी माझा बेत सांगितला. आज तू बसायचंस, सगळं आम्ही करणार. ती ऐकून घेत होती आणि परातीत कणीक घेत होती. मी कोपऱ्यातली केरसुणी उचलली, तिनं ती काढून घेतली. मी हंडा उचलला, तोही काढून घेतला. उटण्याची पुडी मी पिशवीतनं काढली तर म्हणाली, न्हाऊन झालंय माजं. कोपरावरचा चिखल तसाच होता. साडी आणि पोलकं पुढं केलं, तिनं हातसुद्धा लावला नाही.

"ते नगं मला."

"रंग आवडला नाही का?"

"रंग चांगला हाय. नगं."

आणि मी पुरातली गोष्ट काढली की ती उठायची. मीठ बघायला, म्हशीला बघायला, काहीच नाही तर दाराची कडी नीट आहे का ते बघायला. मला वाईट वाटायला लागलं होतं. माणूस एवढ्या लांबनं येतो, तर निदान ऐकून तरी घ्यावं. आत्या मात्र गप्प होत्या. त्या गप्प असल्या की काहीतरी बघत असतात.

कुंपणापलीकडनं बायकी आवाज आला. "हौसाक्का, आगं पाणी नुसतं व्हाया लागलंय की वाफ्यात! लावतीस का बंद करू?"

हौसाबाई जागची न हलता म्हणाली, "कर बंद."

"मग कांदा?"

"जळू दे कांदा. घरात माणसं आल्यात."

आवाज तिच्या जावेचा होता. मी परसात गेले आणि कुंपणावरनं तिला विचारलं. तिनं जे सांगितलं ते असं. विहीर दोघी जावांत सामाईक. पाण्याची पाळी आज हौसाबाईची, उद्यापासून दिराची, आणि मग ती परत यायला आठवडा. दुपार कलली की लाईट जाते आणि मोटार बंद पडते. कांद्याचं रोप परवाच उपटून ठेवलेलं, कारण लागणीला बायका येणार होत्या. त्या बायका दिवाळीला माहेरी गेल्या. म्हणून हौसाबाई आज सकाळपासनं एकटीच लावत होती, आणि अर्धा वाफाही झाला नव्हता तोवर भोंगा वाजला. आज रोप मातीत गेलं नाही तर सुकणार. आणि ह्या वर्षी त्या घरचं पीक म्हणजे तो कांदाच. बाजरी परतीच्या पावसानं गेली होती.

जाऊबाई वाईट नव्हती. ती म्हणाली, माझ्या हातात असतं तर पाळी बदलून दिली असती, पण आमच्या मालकांचं आणि पाण्याचं जमत नाही, ते पाण्यावरनं सख्ख्या आईशी भांडलेत.

म्हणजे मी उपकार फेडायला आले होते आणि माझ्या पायी त्या बाईचं वर्ष बुडत होतं. वर ती आमच्यासाठी पुरण वाटत बसली होती.

मी आत आले आणि सांगितलं, चूल विझव, आपण रानात जायचं. ती वाटत राहिली. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा तिनं पाट्यावरनं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलली.

"तुला कळतंय का? गाव शेण घालंल माझ्या तोंडात. पूरग्रस्ताला सणाच्या दिशी चिखलात घातलं म्हणंल. बस गुमान."

"तू आमचा चिखल काढलास ना? तेव्हा आम्ही काही म्हणालो?"

"त्ये येगळं."

"काय वेगळं?"

तिनं वरवंटा पुन्हा जोरात फिरवला. पुन्हा तोंड कडू. आम्ही दोघी अशा समोरासमोर अडून बसलो असताना दाराशी काठी वाजली. आत्या नऊवारीचा काचा मारून उभ्या होत्या. घोंगडं व्यवस्थित घडी करून खुंटीला लावलेलं.

"तुमचं चालू द्या निवांत," त्या म्हणाल्या. "रान कुठल्या अंगाला हाय ते मला जनावरंबी सांगतील." आणि निघाल्या.

सत्तरीची पाहुणी एकटी रानाकडं चालू लागली म्हटल्यावर हौसाबाईला उठावंच लागलं. ती मागनं धावली, मी तिच्या मागनं. जाता जाता मी कटाच्या आमटीचं पातेलं चुलीवरनं उतरवून ठेवलं. एवढंच काय ते घरकाम तिनं मला त्या दिवशी करू दिलं, तेही तिचं लक्ष नव्हतं म्हणून.

लिंबाच्या सावलीत ओल्या पोत्याखाली रोपाच्या जुड्या होत्या. शेंडे पिवळे पडायला लागले होते. जाऊबाईनं न सांगता मोटार पुन्हा सुरू केली. हौसाबाईनं वाफ्यात पाणी फिरवलं, आणि आम्ही तिघी ओळीनं उतरलो. पोटऱ्यांपर्यंत गार चिखल आला, आणि मला श्रावणातलं सगळं एकदम आठवलं. तो वास, ते उलटं मशीन. मी क्षणभर तशीच थांबले. मग पुढनं हौसाबाईचा आवाज आला की हात चालव, आणि मी वाकले.

मला लावता येत नव्हतं. आमच्याकडं ऊस, आणि मी तर मशीनवरची. रोप अंगठ्यानं मातीत दाबायचं, पण गळा वर राहिला पाहिजे. मी भीतभीत नाजूकपणे लावायची, आणि पाणी आलं की माझी रोपं एकेक करून तरंगायला लागायची. मग घाबरून खोल दाबायला लागले, तर हौसाबाई म्हणाली, ही उगवून येत्यात ती थेट पुढच्या पाडव्याला. ती स्वतःची ओळ लावून माझ्या ओळीत यायची आणि माझी अर्धी रोपं पुन्हा लावायची. मदतीपेक्षा मी कामच वाढवत होते. पण हळूहळू हाताला अंदाज आला. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला काहीही शिकवता येतं, असं मी नेहमी म्हणते. आत्या बसून बसून सरकत होत्या आणि पुटपुटत होत्या, कंबर मोडली, बापानं ऊसवाल्यात दिली, कांदा विसरले. तरी त्यांची ओळ सुतासारखी सरळ होती.

पण रोप पुष्कळ होतं आणि ऊन कलत होतं. तिघींनी होणारं ते काम नव्हतं. हौसाबाई मधेच उभी राहून सूर्याकडं बघायची, मग उरलेल्या जुड्यांकडं, आणि पुन्हा वाकायची.

अशात बांधावर रंगाप्पा दिसले. मागं बायकांची रांग. आम्ही पारावर सापडलो नाही म्हणून सगळ्या वस्तू घेऊन ते आम्हाला शोधत आले होते. डोक्यावर ज्वारीचं गाठोडं, हातात पातेली. आणि समोर बघतात तर त्यांच्या दोन पूरग्रस्त भगिनी चिखलात.

रंगाप्पांचा चेहरा असा झाला की मला त्यांची दया आली. ते हौसाबाईला म्हणाले, हे काय केलंस बाई, उद्या पेपरात येईल. हौसाबाईचे हात थांबले. तिचं मघाचं भय खरं झालं होतं. मी कंबर सरळ केली.

"पाटील, आम्ही मागायला आलो नाही," मी म्हटलं. "तुम्ही श्रावणात आमच्या घरी हातानं काम केलंत. आम्ही पण हातानं करायला आलोय. साड्या-पातेली राहू द्या. रोप सुकतंय, तेवढं बघा."

ह्या खेपेला त्यांनी डोळे मिटून मान हलवली नाही. मग ती नवी सून, जिनं स्वतःची साडी आणली होती, तिनं ती बांधावर ठेवली, पायातली जोडवी नीट वर सरकवली आणि वाफ्यात उतरली. तिच्या मागनं दुसरी, मग तिसरी. पाहुण्यांना चिखलात एकटं कसं ठेवायचं, ह्या लाजेनं निम्मं गाव उतरलं. जाऊबाईसुद्धा कुंपण ओलांडून आली. रंगाप्पांनी चपला काढल्या, चिखल बघितला, चपला पुन्हा घातल्या आणि बांधावरनं सूचना द्यायला लागले. कुणी ऐकत नव्हतं, पण त्यांचं बरं चाललं होतं. आत्यांनी तेवढ्यात मागचा हिशेबही मिटवला. त्यांनी रंगाप्पांना सांगितलं, ही ज्वारी, ही पातेली देवळात ठेवा, पुढं कुठं टेंपो न्यायची वेळ आली की त्यात घाला. घोंगड्याचा विषय त्यांनी काढला नाही.

लाईट गेली तेव्हा शेवटच्या वाफ्यात पाणी पोचलेलं होतं.

बायका पाय धुऊन, करंज्या खाऊन, हसत-खिदळत गावाकडं गेल्या. आत्या लिंबाखाली आडव्या झाल्या. विहिरीच्या थारोळ्यात साठलेल्या पाण्यात मी आणि हौसाबाई हात धूत बसलो होतो. नखांत माती, अंगठे सुजलेले. आता बोलायला हरकत नाही असं मला वाटलं. मी म्हटलं, त्या दिवशी तू आली नसतीस तर मी त्या उंबऱ्यावरनं उठले नसते.

ती हात चोळत राहिली. मग म्हणाली, "ते बोलू नगंस. म्या काय तुझ्यासाठी आले न्हवते."

"माझ्यासाठी कशी येशील? तुला कुठं ठाऊक होते मी?"

"कुणासाठीच न्हाई." तिनं पाण्यातनं हात काढले. "पूर बघायला आले होते."

मी नखांतली माती काढायची थांबले.

"आमच्या गावाला वढा. त्योबी पावसाळ्यात दोन दीस. मालक दरसाल मेंढरं घिऊन नदी वलांडतो आन् आला की सांगत बसतो, नदी अशी, नदी तशी. मला काय ती कधी दाखवली न्हाई. गावातनं टेंपो निघाला, म्हटलं, एवढा पूर आलाय म्हंजे बघण्यासारका असंल. भाकरी बांधली, बसले. खराटा तर हातात रंगाप्पानं दिला." ती थांबली. "तुमच्या गल्लीत उतरले आन् तू दिसलीस. जत्रंला आल्यागत आले होते मी, आन् तू तशी बसलेली. लाज वाटली. काय करू म्हनून तुजं डोकं धुतलं. तवापासनं गाव मला मोठी करतंय. आज तू साडी घिऊन आलीस. कोन्या तोंडानं घिऊ?"

मला काय वाटायला हवं होतं ते माहीत नाही. वाटलं ते असं, की पोटातनं हसू वर येतंय. मी ओठ दाबले, पण ते काही राहिलं नाही. ती आधी रागानं बघत होती, मग तिचाही चेहरा सैल झाला.

"मग बघितलास का पूर?" मी विचारलं.

"कुठला? दीसभर तुझं सैपाकघर. नदीकडं जायचं ऱ्हाऊनच गेलं."

"हौसाक्का, केस धुतलेस ते ह्याच हातांनी ना?"

"मग कुणाच्या?"

"मग झालं. आलीस कशाला ते तुझं तू बघ. मला हात पोचले."

तिनं एकदा स्वतःच्या हातांकडं बघितलं. मग पदराला हात पुसले, अगदी कोरडे होईपर्यंत पुसले, आणि हात पुढं केला. "दे. पोलकं बघू. दंडाला घट्ट असंल तर उसवून मागीन."

घट्ट नव्हतं. सांगितलं ना, माझी नजर सहसा चुकत नाही.

रात्रीच्या पुरणपोळीला आम्ही तिच्या घरीच राहिलो. जेवता जेवता मी बोलून गेले, की उद्या भाऊबीज, तू आमच्याबरोबर चल, मी तुला नदी दाखवते. ती म्हणाली, पूर नसताना काय बघायचं? पण सकाळी म्हैस जावेच्या दावणीला बांधून, नवं पोलकं घालून, ती आमच्या आधी एसटीच्या थांब्यावर होती.

दुपारी मी तिला घाटावर घेऊन गेले. आत्या मागनं हळूहळू आल्या आणि वरच्या पायरीवर टेकल्या. नदी खाली गेली होती. हिरवट, संथ पाणी, पलीकडं उसाचे तुरे, मधे एक नाव बांधून ठेवलेली. हौसाबाई बघत उभी राहिली. मग साडी गुडघ्यापर्यंत उचलून, एकेक पायरी चाचपत, पाण्यात उतरली. घोट्यापर्यंत गेली, पोटऱ्यांपर्यंत गेली, आणि तिथनं वळून मला विचारलं.

"ही व्हय ती?"

"हीच."

"दिसाया तर गरीब हाय."

मी वरच होते. कोरड्या पायरीवर. पाणी उतरल्यापासनं मी घाटावर आलेच नव्हते. ज्या नदीवर मी लग्न होऊन आल्यापासून धुणं धुतलं, जिची ओटी भरली, तिच्याकडं मी श्रावणापासून पाठ केली होती. गोधड्या नळावर धुतल्या. बायकांनी विचारलं तर गुडघे दुखतात सांगितलं. घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. कुणाला म्हणजे, आत्यांना असेल. त्या वरच्या पायरीवर तंबाखू मळत होत्या आणि अगदी दुसरीकडं बघत होत्या.

हौसाबाईनं मला नीट न्याहाळलं. उंबऱ्यावर न्याहाळलं होतं तसंच. मग तिनं हात पुढं केला.

"ये की. मला एकटीला भ्या वाटतंय."

तिला भय वाटत नव्हतं. पोटऱ्याएवढ्या पाण्यात ती अशी उभी होती जशी तिच्या वाफ्यात उभी असते. पण पाहुणीला भय वाटतं म्हटल्यावर यजमानणीला जावंच लागतं. मी चपला काढल्या. पहिली पायरी शेवाळलेली होती, दुसरी पाण्याखाली. पाणी गार लागलं, मग लागेनासं झालं. तिनं माझा हात सुजलेल्या अंगठ्यासकट घट्ट धरला होता, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, नाव हलते ते बघत.

मी हौसाक्काला नदी दाखवायला नेलं होतं, असं मी अजून सगळ्यांना सांगते.